चारनंतर पाणी नाय

मुरारी मायापंखातून घरी आला त्या संध्याकाळी त्याच्या आईनं, आवडीनं, त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला. तर त्या तीस वर्षांच्या बाप्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, भिंतीकडं वळला आणि तसाच उभा राहिला. मग दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात ओरडला, "चारनंतर पाणी नाय! गादी तुझा बाप धुणार?"

मुरारीला स्वतःचं बोलणं फारसं जमत नसे. ऐकलेलं मात्र तो सूर धरून जसंच्या तसं बोले. एसटीचा कंडक्टर, वाणी, भजनीबुवा, सगळे त्याच्या गळ्यात बिऱ्हाड करून होते. हा नवा भाडेकरू कुठून आला ते आवडीला विचारावं लागलं नाही.

मायापंख म्हणजे महाडमधलं अल्पनिवास केंद्र. ज्यांच्या घरी असं मोठं झालेलं लेकरू आहे त्यांनी ते आठवडाभर तिथं ठेवावं, आपलं लग्नकार्य, दुखणंखुपणं उरकावं आणि परत न्यावं. सोय चांगली, खोटं कशाला बोला. आवडीचा नवरा गेलेला. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला मुंबईला भावाकडं जायचं होतं, तर भावजय फोनवर म्हणाली, "ताई, तुम्ही या. त्याला नको." वाडीत विचारलं. एकाची म्हैस व्यायला झाली होती, एकाची सून, आणि एकाला तर त्याच आठवड्यात कधी नव्हे ते देवदर्शन आठवलं. उरलं मायापंख. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'तुम्ही निश्चिंत व्हा.' ती झाली.

पोलादपूरच्या डॉक्टरनं मुरारीची जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, लघवीचा रंग विचारला. "एवढ्या उन्हाळ्यात ह्याचं पाणी कुणी तोडलं होतं?" चौकीत गेली तर तिथला माणूस म्हणाला, "मारलंय का? खूण दाखवा." न दिलेल्या पाण्याचा वळ उठत नाही. आवडी उठली ती थेट महाडच्या गाडीत बसली.

"बसा मावशी," केंद्राचे संचालक सुधीर सर म्हणाले. खादीचा झब्बा, पुण्याची भाषा, मागच्या भिंतीवर शाल-नारळ घेतानाचे फोटो. "गैरसमज करून घेऊ नका. ती शिक्षा नाही, पद्धत आहे. रात्री ड्युटीवर एकच माणूस असतो. वीस जणांच्या गाद्या कोण बदलणार?"

"मग दोन माणसं ठेवा."

"परवडत नाही."

"सर, तुम्ही ऱ्हाल का चारपास्नं उजाडेपत्तूर पाण्याबिगर?"

सर हसले. "मला गादी ओली करायची सवय नाही, मावशी." मग दारापर्यंत पोचवायला आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उजवा डोळा राहिलाय ना अजून? मग भांडून कसं चालेल? इथंच यायचंय तुम्हाला."

खरं होतं ते. आसपास दुसरं असं घर नव्हतं, आणि सरांना ते पक्कं ठाऊक होतं. माणूस एखादवेळी शिवी विसरेल, पण आपली नड कुणी अशी तोंडावर मारली की ती हाडात जाऊन बसते. आवडीनं हात जोडले. "चुकलंच माझं, सर. एवढं करता तुम्ही. आमच्या वाडीनं तुमचा सत्कार करायला पाहिजे."

सरांनी नको म्हणायला हवं होतं. पण म्हणाले नाहीत.

मे महिन्यात वाडीची सत्यनारायणाची पूजा असते. मुंबईला गेलेली सगळी पोरं येतात, मंडप पडतो, माईक येतो. मंडळाचा सेक्रेटरी साहिल अंधेरीला एका कंपनीत कामाला. त्यानं पत्रिकेत 'समाजभूषण श्री. सुधीर सर' असं छापून आणलं. वाडी खूश झाली. मग पूजेच्या आदल्या दिवशी आवडीनं देवळासमोर सगळ्यांना बसवलं आणि आपल्या पोटातलं बाहेर काढलं.

"त्याला पाणी द्यायचं नाय," ती म्हणाली. "कुणीच."

म्हातारा श्रीपत उसळला. "येड लागलं काय गो, आवडे? आपल्यात चढण चढून आलेल्याला आधी गूळपाणी देतात, मग नाव इचारतात. वैऱ्याला पण देतात!"

"वैऱ्याला द्या, तात्या. ह्याला नको."

"पाप लागंल."

"लागू दे. निम्मं माझ्या नावावर टाका."

"आणि उरलेलं?"

"ते वाटून घ्या. माझा पोर तिथं सुकत व्हता तवा तुमच्यातला एक तरी बघायला गेला का?"

कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाहीही म्हटलं नाही. माना खाली घालून उठले. त्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे वाऱ्यावर गाठ मारायची. पण आवडीकडं दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर आले. दरडीनं नेलेला रस्ता अजून तसाच पडलेला, त्यामुळं गाडी, ड्रायव्हर आणि पाण्याचा खोका खालीच राहिला. भर उन्हाची चढण. हातातली एक बाटली अर्ध्या वाटेतच संपली. वर आले तेव्हा झब्बा पाठीला चिकटलेला आणि ओठांच्या कडेला पांढरं जमलेलं. चार वाजून गेले होते.

वाडीनं हार घातला, खुर्ची दिली, वारा घातला. शिरा दिला, तिखट भजी दिली, खारे शेंगदाणे दिले. भटजींनी पळीभर तीर्थ दिलं. देवाचं होतं ते, त्याला कोण अडवणार? सरांनी तळहातसुद्धा चाटला.

"जरा पाणी मिळेल का?" ते साहिलला म्हणाले.

"हो सर, अरेंज करतो," साहिल म्हणाला आणि भाषणाला उभा राहिला. बोलता बोलता त्यानं सरांच्या कार्याची गंगा केली, सागर केला. सर गंगा ऐकत घसा खाकरत होते. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा मात्र बायकांत चुळबूळ झाली. श्रीपतची म्हातारी उठली, पदराआड तांब्या घेऊन आली. श्रीपतनं तो तिच्या हातातून घेतला आणि आवडीकडं न बघता खुर्चीकडं चालू लागला. झालं, आवडीच्या मनात आलं, गेलं सगळं.

पण सरांनी तांब्या येताना बघितलाच नाही. त्यांना पुढच्या रांगेत ओळखीचं तोंड दिसलं होतं. "अरे मुरारी!" ते मोठ्यानं म्हणाले. "शहाणा ना तू? पाणी आण बघू, पाणी."

मुरारी ताडकन उठला. मांडीवरची भजी मातीत पडली. मंडपाच्या कनातीला नाक लावून तो उभा राहिला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हातांच्या फटीतून तो नवा भाडेकरू ओरडला, "चारनंतर पाणी नाय! गादी तुझा बाप धुणार?"

अख्ख्या वाडीनं ते बघितलं. कालपर्यंत ती आवडीची गोष्ट होती.

श्रीपत थांबला. त्यानं तांब्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं आणि सगळं पाणी त्यांच्या चपलांसमोर मातीत ओतलं. वाडीत मे महिन्यात कुणी पाणी असं सांडत नाही.

"हा काय प्रकार आहे?" सर उठले. "मला डांबून ठेवता? गुन्हा आहे हा!"

"डांबलं कुठं?" आवडी म्हणाली. "वाट मोकळी हाय. जावा की."

सर निघाले. पण खाली गाडीपर्यंत उतरायचं त्राण नव्हतं. पहिल्या घरी गेले, दारातली बाई म्हणाली, "चारनंतर नाय, सर." पुढच्या घरी तेच. तिसऱ्या घरी म्हातारीनं नुसतं दार लोटलं. विहिरीच्या कठड्यावर बायका पाय सोडून बसलेल्या. "गादी भिजंल तुमची," एक म्हणाली, आणि सगळ्या अशा हसल्या की सर तिथूनच मागं फिरले.

मंडपात आवडी माईक घेऊन उभी होती, शेजारी साहिल मोबाईल रोखून. "बोला ह्याच्यात. जी तुमची पद्धत हाय ती. मग प्या पोटभर."

सर बोलले. जीभ टाळूला चिकटत होती. चारनंतर आम्ही पाणी देत नाही. रात्रीचा दुसरा माणूस ठेवत नाही. जे मागतात त्यांना भिंतीकडं उभं करतो. "किती येळ?" आवडीनं विचारलं. "झोपेपर्यंत," सर म्हणाले. मंडपात कुणीतरी शिवी दिली, त्यावर भटजीसुद्धा काही बोलले नाहीत.

मग पाणी आलं. सर गटागटा प्यायले, झब्बाभर सांडलं. तोंड पुसत साहिलजवळ गेले. "ते मोबाईलवरचं डिलीट कर."

"काय डिलीट करू, सर? लाईव्ह चालू होतं. महाडला पण बघितलं असंल आता."

वाडीनं टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. श्रीपत आवडीकडं बघून म्हणाला, "जितलीस गो पोरी!" त्याला वाटलं, संपलं.

आवडीनं माईक खाली ठेवला नव्हता.

"टाळ्या कसल्या वाजवता?" तिचा आवाज कर्ण्यातून समोरच्या डोंगरापर्यंत गेला. "हा तर परका माणूस. तुमच्या म्हशी, तुमच्या सुना, तुमची देवदर्शनं, म्हणून माझा पोर ह्याच्या दारात गेला. ह्याचं दार तर मी आज माझ्या हातानं बंद केलं. उजवा डोळा बाकी हाय माझा. आठ दिवस मुरारीला कोण ठेवणार? सांगा."

माणसं आपल्या पायांची बोटं बघू लागली.

"तात्या, तुम्हीच सांगा पयलं."

"अगो, बघू की निवांत... आपण काय परकी हाव का..." श्रीपत पुटपुटला.

आवडी गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेली आणि माईक त्याच्या दाढीला टेकवला. "ऐकू नाय आलं, तात्या. माईकमधी बोला."

श्रीपतनं साहिलच्या मोबाईलकडं बघितलं. तो अजून चालू होता, आता त्याच्याच तोंडावर रोखलेला. "दोन दिस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आमच्याकडं ऱ्हाईल."

आवडीनं मान हलवली नाही, हसली नाही. माईक शेजारच्या माणसाकडं वळवला.