पारूबाईचे पाळणे

पारूबाईच्या गळ्यातली गाठ डॉक्टरांनी काढली, आणि जाताना ती गाठ तिचा वरचा सूर सोबत घेऊन गेली. म्हणजे बोलायला, भांडायला, पडवीतून नवऱ्याला हाक मारायला आवाज शाबूत होता. पण गायन पार्टीच्या स्टेजवर ढोलकी तापलेली असताना शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला मान डोलवायला लावणारा जो सूर लागतो, तो काही परत आला नाही. एप्रिल उजाडला की जुन्नर-आंबेगावातल्या गावोगावच्या जयंत्या तिच्यावाचून होत नसत, आणि तीच बाई आता एप्रिलमध्ये कळंबच्या घरी ज्वारी निवडत बसू लागली.

नवरा चांगदेव त्याच पार्टीत पेटी वाजवायचा. घर चालायला हवं म्हणून तो जात राहिला. तिच्या जागी एक तरणी पोरगी उभी राहिली. कार्यक्रमाहून आला की तो न विचारता सांगायचा, सूर बरा हाय पोरीचा, पर जीव न्हाई. तो धडधडीत खोटं बोलतोय हे पारूबाईला कळत होतं, कारण पोरगी खरंच चांगली गात होती. तरी तेवढं खोटं ऐकल्याशिवाय ती त्याला जेवायला वाढत नसे.

मग शेजारच्या लेकीचं बारसं निघालं आणि पारूबाईनं उगीच, बसल्या बसल्या, त्या पोराच्या नावाचा पाळणा रचला. पाळण्याला कुठला आलाय वरचा सूर! उलट मोठ्यानं म्हटला तर पोर उठून बसायचं. चांगदेवनं पट्टी चांगली खाली आणली, टेपरेकॉर्डर तिच्या तोंडाजवळ धरला आणि मग दोघांनी पाळणा पुन्हा लावून ऐकला. स्टेजवर जो आवाज पहिल्या रांगेलाही पुरत नव्हता, तो टेपमध्ये कानाशी येऊन बसला होता.

तिथून धंदा सुरू झाला म्हणायला हरकत नाही, जरी धंदा हा शब्द पारूबाईला आवडत नसे. कुणाचं बारसं असलं की माणूस यायचा, बाळाचं नाव, आईबापाचं नाव सांगायचा, आणि त्या नावाची कॅसेट घेऊन जायचा. मधल्या खोलीला दाराखिडक्यांवर गोधड्या लावायच्या, पंखा बंद करायचा, लाईट जायच्या आत उरकायचं. एका कॅसेटमध्ये तिसऱ्या कडव्याला कोंबडा आरवला, ती घेणाऱ्याला इतकी आवडली की पुढच्यानं मलाबी कोंबडा पायजे म्हणून हट्ट धरला. पारूबाई हळूहळू पुन्हा माणसात आली. दुपारी चाल गुणगुणताना तिच्या हाताची भाकरी करपायची आणि चांगदेव ती मुकाट्यानं खायचा.

एकच गोष्ट तिच्या मनाला खात होती. पार्टीत असताना तिनं एक ओळ टाकली की मागून कोरस यायचा, समोरचे लोक ती उचलायचे. कॅसेट मात्र एकदा दाराबाहेर गेली की गेली. ती कुठं वाजली, बायांनी काय केलं, कुणी मान डोलवली का, काही कळायला मार्ग नव्हता. म्हणून निरगुडसरच्या सयाजीनं मुलीच्या बारशाची कॅसेट नेताना, मावशी, तुमीबी याच, असं आग्रहानं म्हटलं, तेव्हा तिनं आदल्या दिवशीच ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं. चांगदेवनं विचारलं, बारसं पोरीचं का तुझं? तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मंचरला निरगुडसरची एसटी धरली तर शेजारी पिंपळवंडीची एक बाई येऊन बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत कुंची, टोपडं, चांदीचे वाळे. भाचीच्या बारशाला निघाली होती. नाव सरूबाई, सयाजीची थोरली बहीण, म्हणजे बाळाची आत्या. बोलायला मोकळी होती. तिनं वाळे काढून दाखवले, मग आवाज खाली आणून सांगितलं की नाव तिनं स्वतः ठरवलंय.

"माझा भाऊ सोडला तर कुनाला ठावं न्हाई," ती म्हणाली. "भावजयीलाबी न्हाई. आज बाळाच्या कानात मी सांगन, तवाच समद्यांना कळंल."

 नाव समृद्धी आहे हे पारूबाईला महिनाभर ठाऊक होतं. समृद्धीच्या जोडाक्षरावर चाल अडत होती म्हणून तिनं ते नाव घरात इतक्या वेळा म्हटलं होतं की शेजारच्या बोकडानंसुद्धा त्या नावाला ओ दिली असती. सांगावं का या बाईला? पण आत्याचा एवढा फुललेला चेहरा बघून तिची जीभ रेटेना. कॅसेट काय, नाव ठेवल्यावरच लागेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि वाळे किती छान आहेत ते पुन्हा एकदा सांगितलं.

दोघी स्टँडवर उतरल्या आणि लिंबाच्या झाडाला बांधलेला कर्णा गाऊ लागला. स्पीकरवाल्यानं आवाज तपासायला हाताला आली ती कॅसेट घातली होती. डोळ्यांत झोप, ओठांत हसू, झोप गं समृद्धी, असं अख्ख्या निरगुडसरला ऐकू गेलं. टपरीवरचा माणूस चहा गाळता गाळता म्हणाला, समृद्धी ठेवलं वाटतं सयाजीच्या पोरीचं.

 सरूबाई स्टँडच्या कट्ट्यावर जाऊन बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. आत्याला बारशात दुसरं काय असतं? नाव तिनं सांगायचं, कानात कुर्र करायचं, बायांनी तिच्या पाठीत हसत हसत बुक्क्या घालायच्या. तेवढाच तिचा मान, आणि तो एका कर्ण्यानं झाडावरून वाटून टाकला होता. कुणीतरी सयाजीला सांगितलं असावं. तो धावत आला, हात जोडले, स्पीकरवाल्याला शिव्या घातल्या. ती हलेना. परतीची गाडी कधी आहे, एवढंच विचारलं.

पारूबाईला तिथून निघून जाता आलं असतं. कॅसेट तिची आहे हे सरूबाईला माहीत नव्हतं. पण हे प्रकरण मंचर-नारायणगावपर्यंत पोचायला दोन बाजार पुरले असते, आणि पारूबाईचा पाळणा लावला की आत्या रुसून जाते असं एकदा बायांच्या तोंडी बसलं की पुन्हा तिच्या दाराशी कोण येणार? स्टेज गेलं होतं, आता गोधड्या लावलेली खोलीही जाणार होती. ती खोली तिला किती प्यारी झाली होती हे तिला त्या कट्ट्यासमोर उभं राहून कळलं. आणि त्याहून वाईट वाटलं ते सरूबाईचं. आपली जागा दुसऱ्यानं घेतली की कसं वाटतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ती शेजारी जाऊन बसली. "ताई, तो आवाज माझा हाय. गाडीत तुमी बोलला तवाच मी सांगायला पायजे व्हतं. माझी जीभ रेटली न्हाई."

सरूबाईनं तिच्याकडं पाहिलं.  नाव एकदा गावभर झालं ते आता परत थोडंच घेता येतंय, एवढंच पुटपुटली.

पारूबाई थोडा वेळ बोटांनी मांडीवर ताल धरून बसली. मग म्हणाली की पाळण्यातलं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असलेली माणसं घरोघरी आहेत. गावानं ऐकलं ते कागदावर राहू दे. पाळण्यासाठी दुसरं नाव काढा, आणि ते कुणालाच सांगू नका.

"मलाबी न्हाई," ती म्हणाली. "तीन अक्षरी घ्या फकस्त, म्हंजी चालीत बसंल. बाकीचं मी बघते."

सरूबाईनं पदरानं नाक पुसलं आणि ती उठली. राग सगळा गेला नव्हता, पण तीन अक्षरं शोधायच्या नादात चालता चालता निम्मा गेला असावा.

सयाजीच्या घरी पारूबाईनं पहिली गोष्ट केली ती स्पीकरवाल्याला खुर्चीवरून उठवायची. स्वतः मशीनपाशी बसली, माईक लांब वायरीसकट आत्यापाशी दिला. पाळण्याखालून-वरून बाळ गेलं. सरूबाई वाकली, बाळाच्या कानात काय ते सांगितलं, कुर्र केलं, आणि बायांच्या बुक्क्या पाठीवर घेताना तिला हसू आवरेना. पारूबाईनं कॅसेट सुरू केली.

डोळ्यांत झोप, ओठांत हसू, झोप गं... आणि इथं तिनं आवाजाचं बटण अलगद खाली आणलं. टेपमधली समृद्धी मुक्यानंच निघून गेली. त्या मोकळ्या जागेत सरूबाई माईकमध्ये म्हणाली, "अश्विनी." पारूबाईनं बटण वर केलं. मापात बसलं होतं.

प्रत्येक कडव्याला हेच. कुठं थांबायचं हे पारूबाईच्या बोटांना पाठ होतं. आयुष्यभर पेटीच्या जवळ बसून तिनं नुसता गळा कमावला नव्हता. दुसऱ्या कडव्याला सयाजीच्या आईनं आत्याच्या आवाजात आवाज मिसळला. तिसऱ्याला तिच्या मागच्या दोघीतिघींनी. स्वयंपाकघरातल्या बाया पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून पारूबाईनं कॅसेटमध्ये नाव गायचं सोडलं. नावाच्या जागी चांगदेवची पेटी तेवढी हळू वाजत राहायची, आणि तिथं ज्याच्या त्याच्या आत्यानं म्हणायचं. आता नाव आधी सांगायची गरज उरली नाही, त्यामुळं एकच कॅसेट बहिणीबहिणींत फिरू लागली, आणि तरीही मागणी वाढली, हे गणित चांगदेवला शेवटपर्यंत सुटलं नाही. पुढं सीडी आल्या, त्यांतही ती जागा रिकामीच राहिली. सयाजीच्या मुलीचं नाव शाळेत समृद्धी लागलं, आणि घरात ती अश्विनीच झाली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी शेवटचं कडवं आलं तेव्हा सरूबाईनं माईक खालीच ठेवला होता. पारूबाईनं ओळ येऊ दिली, स्वतःचाच आवाज इतक्या माणसांत बसून तिनं पहिल्यांदा ऐकला, बटण खाली केलं, आणि दारातल्या, पडवीतल्या, पाळण्याभोवतीच्या सगळ्या बायांनी एकदम नाव उचललं. कोरस आला होता. पारूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण पुढची ओळ यायची होती.