पाइपात मावतं तेवढं

बाबांचं म्हणणं सरळ होतं: वायर पाइपात शिरली, म्हणजे ती मावली. उभ्या आयुष्यात त्यांनी हाच नियम पाळला. वायरमनचं लायसन्स आता माझ्या नावावर आलं, तरी दुसरा नियम त्यांच्या कानात शिरायला तयार नव्हता.

मी तापाने घरी पडले होते, तेवढ्यात त्यांनी शेजारच्या काकूंच्या बेकरीतल्या सगळ्या भट्ट्यांच्या वायरी एकाच पाइपात कोंबल्या. चौदा वायरी! वरून भिंतीला गिलावा करून मोकळे. आता फक्त काम नियमात झाल्याच्या दाखल्यावर माझी सही राहिली होती. सही झाली की भट्ट्या पेटणार, आणि उद्या त्या वायरी तापून जळाल्या तर माझं लायसन्स जाणार. काकूंची बेकरी जाईल ते वेगळंच.

"बाबा, पाइपाचा चाळीस टक्केच भाग भरायचा असतो. बाकीची जागा मोकळी लागते, नाहीतर वायरी तापतात."

"मग? सोळा टक्केच भरलाय. हिशोब करून घातल्यात. चार चौरस मिलिमीटरची वायर, गुणिले चौदा."

मी कपाळावर हात मारला. "अहो, ते चार नुसत्या तांब्याचे! वरचं प्लास्टिक कोण मोजणार?"

"करंट तांब्यातून जातो."

"जागा प्लास्टिकपण खातं ना!"

"बरं, मग अर्थिंगच्या हिरव्या वायरी सोड. त्यातून तर काहीच जात नाही."

"जात नाही म्हणून काय त्या हवेच्या बनल्यात?"

वायरीचा उरलेला तुकडा घेऊन मी त्याची बाहेरून जाडी मोजली आणि हिशोब मांडला. छप्पन टक्के. बाबांनी आकड्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भाजीचा भाव चढवून सांगितला होता.

"चाळीस सांगतात, कारण लोक साठ करतात हे त्यांना ठाऊक असतं," ते म्हणाले. "त्यात घासाघीस धरलेली असते."

आता या माणसाला काय बोलणार? पालथ्या घड्यावर पाणी. "एक वायर ओढून दाखवा. निघाली तर सही करते," मी म्हणाले.

त्यांनी एका हाताने ओढली. मग दोन्ही हातांनी. मग भिंतीला पाय लावून. वायर तसूभर हलली नाही.

"गिलाव्याने धरली असेल," ते धापा टाकत म्हणाले.

"गिलावा पाइपाच्या बाहेर आहे, बाबा."

 मग ते हळू आवाजात म्हणाले, "कर ना सही. बापावर विश्वास नाही का?"

नेमका हाच प्रश्न मला नको होता. हातात पक्कड धरायला मला यांनीच शिकवलं होतं. मला राग आला, की मोजमापाच्या गोष्टीत हे बापपण का आणतात!

"नाही करणार," मी म्हणाले.

 मग त्यांनी पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला. पहिल्या घावालाच काकू आतून धावत आल्या. "अहो, आत्ताच तर गिलावा झाला! फोडायला कोणी सांगितलं?"

"मॅडमनी," बाबा मागे न वळता म्हणाले. "पाइप जास्त भरलाय म्हणाल्या."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"ऐकावंच लागतं. सही त्यांची असते."

टोमणा होता की कौतुक, देव जाणे. माझे डोळे भरून आले, आणि त्याचाही मला रागच आला.