गमत नाही

"बाई, तुमचा मुलगा म्हणतो, शुभम गेल्यापासून मला गंमत नाही. एक जीव गेला, आणि याला गंमत हवी?" चेतना मॅडम म्हणाल्या.

दुर्गेशची आई धुरपताबाई खुर्चीतून अर्धी उठली.

मॅडम पुण्याहून आलेल्या, गुन्हेगार पोरांच्या मनाची तपासणी करणाऱ्या. सतरा वर्षांच्या दुर्गेशने सडक अर्जुनीच्या ढाब्यावर, मस्करी चिघळली तेव्हा, आपल्या जोडीदाराच्या, शुभमच्या डोक्यात टायर खोलायचा पाना घातला होता. आता त्याचा खटला पोरांसारखा चालवायचा की मोठ्या माणसांसारखा, हे गोंदियाच्या बाल न्याय मंडळाला ठरवायचे होते. पोरांसारखा चालला तर सुधारगृह, समुपदेशन, पुन्हा माणसात येण्याची वाट. नाहीतर तुरुंग. मॅडमच्या मताला तिथे वजन होते.

त्याच ढाब्यावर पोळ्या लाटून बाईने पोर वाढवले होते. सकाळच्या भेटीत तिनेच त्याला बजावले होते, "मॅडम पुण्याची हाये. आपल्यासारखं गावठी नोको बोलू. पुस्तकातलं शुद्ध बोल." पोराने आईचे ऐकले. तोंडात आलेले 'गमत' त्याने शुद्ध करून 'गंमत' केले.

"मॅडम, थो गमत नाही म्हनत असन," बाई हात जोडून म्हणाली. "जीव लागत नाही, घास उतरत नाही, त्याले आमी गमत नाही म्हनतो. पोरगा मजा मांगून नाही राहिला, मॅडम!"

मॅडमनी ऐकून घेतले. माणूस वाईट नव्हत्या त्या. त्यांनी दुर्गेशला पुन्हा आत बोलावले आणि बाईला गप्प बसायला सांगितले.

"दुर्गेश, मघाशी म्हणालास ती गंमत म्हणजे काय?"

त्याने आईकडे पाहिले. तिचे डोळे वाहत होते. आपले शुद्ध कमी पडले, असेच त्याला वाटले असावे. शाळेत उभा राहायचा तसा तो ताठ झाला आणि एकेक अक्षर सांभाळत म्हणाला, "गंमत म्हणजे मजा, मॅडम."

"आपल्या बोलीत सांग ना रे! काऊन असा..."

"बाई, त्याला शिकवू नका." मॅडमनी पोराचे उत्तर लिहून घेतले आणि पेनाला टोपण लावले.

बाहेर निरीक्षणगृहाचा रखवालदार पुनाराम पोराला न्यायला उभा होता. "चाल बे, गाडी उभी हाये."

बाईने पोराचा हात धरला. "तुले गमते का रे तिथं?"

"नाही व माय." तो आईला बिलगला. "झोप लागली का शुभमच दिसते. हासूनच राहते."

"आयकलं ना भाऊ? तुमी तरी सांगा मॅडमले!"

"माझं कोन आयकते, बाई?" पुनाराम खाली बघत म्हणाला, आणि पोराला घेऊन गेला.

धुरपताबाई मॅडमच्या बंद दारासमोर उभी राहिली. मॅडमच्या भाषेतही या न गमण्याला काहीतरी शब्द असेलच. तो आठवला की दार ठोठावायचे, असे ठरवून ती ओठ हलवत राहिली.