ज्या गाठीवर माझा घाव चालत नाही

मी हातोडी बोलतेय. गोड बोलणं माझ्या स्वभावात नाही, तेव्हा कान जरा जपा.

माझा जन्मच मारामारीतला. लोहाराने मला भट्टीतून लालबुंद काढलं आणि दुसऱ्या हातोडीने, म्हणजे माझ्याच थोरल्या बहिणीने, बडव बडव बडवलं. मग पाण्यात बुडवलं. तेव्हा मी जी चरफडले, ती आजतागायत चरफडतेच आहे.

मला विकत घेतलं एका सुताराने. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. दांडा त्याने स्वतः तासला, आपल्या मुठीच्या मापाचा. तो ठोकायला लागला की गल्लीतली कुत्री उठून जायची. एका घावात खिळा फळीत गेलाच पाहिजे. दुसरा मारावा लागला, तर शिवी खिळ्याला बसायची, मला नाही. एवढा माझा मान होता.

खिळे तो तोंडात धरायचा. सगळेच सुतार धरतात. हात दोनच, एक माझ्यासाठी, एक फळीसाठी. उजव्या गालात खिळे, डाव्या गालात तंबाखू. मुलगी ओरडायची, "बाबा, तोंड आहे की गोदाम?" बायको गेल्यापासून घरात ही दोघंच. मुलगीही बापाच्या हाताखाली पक्की कारागीर झालेली, आणि जिभेला मात्र बापापेक्षा जास्त धार.

मग गालात फोड आला.

"खिळा टोचला," मिस्त्री म्हणाला. "टोचतोच कधीकधी," शेजारचा सुतार म्हणाला. मुलगी म्हणाली, "मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. माझाही तसाच बरा झाला होता."

अरे, फोड डाव्या गालात आणि खिळे उजव्या! सुताएवढाही फरक खपवून न घेणारी ही माणसं, पण एवढं साधं माप कुणी घेतलं नाही. फोड चिघळला, गाल दगडासारखा झाला, तोंड उघडेना, तेव्हा कुठे दवाखाना आठवला.

तोंडाचा कॅन्सर निघाला. जबड्याचा तुकडा कापला, मानेतल्या गाठी काढल्या, मांडीची कातडी गालाला जोडली. मिस्त्री घरी आला तो वेगळाच चेहरा घेऊन. त्याचं बोलणं फक्त मुलीला कळायचं. जेवण म्हणजे पेल्यातलं पातळ काहीतरी, तेही निम्मं अंगावर सांडायचं.

आणि मग सुरू झाला राग. बाप रे बाप! शिव्या तोंडातून धड निघेनात, म्हणून त्या माझ्यातून निघायला लागल्या. पहिला फुटला आरसा. मग गिऱ्हाईकाची तयार खुर्ची, पाय, पाठ, सगळ्याचा भुगा. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. मुलगी काचा झाडत किंचाळायची, "फोडा, फोडा! आता माझंच डोकं उरलंय, तेही फोडा!"

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हा आजार मानेत पुन्हा उतरू शकतो, दर महिन्याला दाखवायला या. मिस्त्री एकदा गेला, पुन्हा गेलाच नाही. मुलगी रोज मागे लागायची, "बाबा, मान चाचपू द्या." तो हात झटकायचा. मग ती मला घेऊन कारखान्यात जायची आणि खिळा न लावता नुसतीच फळी ठोकायची. "पसरला असेल तर? पसरला असेल तर?" दर प्रश्नाला एक घाव. फळीला खड्डा पडला.

एका सकाळी तो बाकावर वाकून रंधा मारत होता आणि मागून तिला दिसली. कानाखाली, टाक्यांच्या वणाजवळ, वाटाण्याएवढी. तिने बोट लावलं.

"बाबा, गाठ आहे."

"नाही."

"अहो, हाताला लागतेय!"

"नाही म्हटलं ना!" आणि त्याने मला उचललं.

नेम खिडकीच्या काचेवर होता, हे मी शपथेवर सांगते. पण ती आडवी आली, हात पुढे करून. एकदा सुटलेला घाव मला थांबवता येत नाही. तिची दोन बोटं माझ्या आणि चौकटीच्या मध्ये चिरडली. आयुष्यभर लाकूड ऐकलं होतं, हाडाचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तो कुणी ऐकू नये.

मिस्त्रीने तिला उचललं, रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. त्या गडबडीत मी त्याच्या मुठीतच राहिले. दारातला रखवालदार मागे सरकला. रक्ताळलेली हातोडी घेतलेला, वाकड्या जबड्याचा माणूस ढसाढसा रडतोय, कुणीही सरकेल!

डॉक्टरीणबाई धावत आल्या, तर मुलीने चिरडलेला हात पाठीमागे लपवला.

"आधी यांची मान बघा."

"अगं, रक्त वाहतंय!"

"वाहू दे. मान बघितल्याशिवाय मी हात देणार नाही. याच बापाची पोर आहे मी!"

फरशीवर टपटप रक्त पडत होतं. मिस्त्रीने मला खाली टाकलं आणि मान वाकवली.

गाठीत सुई घालून थोडा भाग तपासायला पाठवला. परतताना मिस्त्रीने मला फरशीवरून उचलून घरी आणलं. आज त्याचा निकाल आहे. सकाळी मुलगी हाताला प्लास्टर घालून दारात उभी, आणि मिस्त्री बाकावरून हलेना. मला वाटलं, झालं, आता मला उचलतो.

"बाबा, उशीर होतोय."

"भीती वाटते," तो म्हणाला.

एवढे महिने मी ज्याच्यापायी घरभर आपटले, ते एवढंच होतं!

"मलाही वाटते," ती म्हणाली. "चला, भीत भीत जाऊ."

गेली दोघं. मी इथे एकटी पडलेय आणि रागाने माझं डोकं ठणकतंय. लाकडातली गाठ मी कितीदा फोडली. ही एक गाठ कुणीतरी आणून माझ्यापुढे ठेवा, एकदाच! पण ती त्याच्या मानेत बसलीय. तिथे मी पडले तर तो मरेल.

मिस्त्री, निकाल काहीही असो, ऐकून घरी ये. वाईट असला तर खुशाल मला उचल. बाक फोड, भिंत फोड, माझा दांडा मोडेपर्यंत फोड. फक्त हात उगारण्याआधी बघ, पोरगी कुठे उभी आहे.