कडक इस्त्री

दुकानाचं शटर अर्धं ओढलं की शिंपीमामा मोबाइल दोऱ्याच्या रिळांना टेकवून ठेवायचे आणि मशीनवर बसून मुलाची वाट बघायचे. मुलगा यायचा तो मोबाइलच्या पडद्यावर. रोज संध्याकाळी तो जगभरातल्या वादांवर बोलायचा. कुठे निवडणुकीवरून डोकी फुटली, कुठे यंत्रांनी माणसांची कामं खाल्ली, कुठे सरहद्दीवर भिंत उभी राहतेय. ऐकणारे हजारो होते. त्यांत आपला बापही आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बापलेकाचं बिनसलं तेही असल्याच एका वादावरून. युद्धातून पळून आलेल्यांना देशात घ्यावं की नाही, असा विषय जेवताना निघाला. "आपल्याच पोरांना कामं नाहीत, आणि ही ब्याद कशाला?" मामा म्हणाले. "तुम्हीपण पोट भरायलाच या शहरात आलात ना, बाबा?" मुलगा म्हणाला. झालं! मामांनी ताटावरून उठून त्याला दार दाखवलं. दार दाखवायला काय, एक हात पुरतो. परत बोलवायला मात्र त्यांची जीभ उचलेना.

"एक फोन करा की," मामी म्हणायच्या.

"त्याने करावा. बाप मी आहे."

शेवटी मामांनी 'कडक इस्त्री' असं टोपणनाव घेतलं आणि कॉमेंटमध्ये भांडायला सुरुवात केली. पोराची खोड त्यांना पाठ होती. वाहवा करणाऱ्याला तो उत्तरादाखल नुसता लाल बदाम पाठवायचा, पण विरोध करणाऱ्याला काही केल्या सोडायचा नाही. "इस्त्रीराव, तुमचं इथे चुकतंय," असं म्हणून तो सुरू झाला की मामांच्या हातातली कात्री थांबायची. मग काय, पटो न पटो, मामा रोज विरोधात! कार्यक्रम संपला की दुकान इतकं गप्प व्हायचं, की त्यांना पोराची जुनी कटकटसुद्धा हवीशी वाटायची. "बाबा, मशीनवरचा हा मिणमिणता बल्ब बदला, डोळे जातील."

एके दिवशी पुन्हा तोच विषय निघाला. पडद्यावर सरहद्दीवरच्या रांगेतली एक लहान मुलगी होती. तिच्या कोटाच्या बाह्या आत दुमडून टाके घातले होते, पोर वाढेल तसे उसवायला. मामांनी आपल्या पोराचे शर्ट असेच शिवले होते. घरदार सोडून निघालेल्या त्या आईने पोरीच्या पुढच्या वर्षाचाही विचार केला होता. मामांना विरोध सुचेना. त्यांनी लिहिलं, "पटलं."

उत्तरात बदाम आला. मामांना तो बदाम फार लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी काहीच लिहिलं नाही, त्यानंतरही नाही.

मग एका संध्याकाळी कार्यक्रम संपवता संपवता मुलगा अडखळला. "आमचे इस्त्रीराव हल्ली भांडत नाहीत. मला करमत नाही. तब्येत बरी आहे ना? आणि... मशीनवरचा तो बल्ब बदला आता."

मामांना समोरचं काही दिसेना. कधीपासून ओळखत होता हा? सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसून त्यांनी एकेक अक्षर दाबत लिहिलं, "तुमचं काहीएक पटत नाही. असं लिहून भागायचं नाही, समोर बसून भांडू. बल्बपर्यंत माझा हात पोचत नाही."