उजव्या गालावरचा डाग

मित्रांनो, मुठीत मावेन एवढाच माझा देह, आणि माझे पितळी कडेही आता काळवंडले आहे. तरीही ऐका, कारण आज माझ्याने गप्प बसवत नाही! मी एक जुने भिंग आहे. कातडी तपासणाऱ्या डॉक्टरचे भिंग. माझ्या पोटात एक चिमुकला दिवा आहे. तो लावून मला कातडीवर टेकवले, की साध्या डोळ्यांना जो नुसता ठिपका वाटतो, तो माझ्यात जाळी, कण, रेषा होऊन उमलतो. देवाने माणसाच्या अंगावर केवढी नक्षी काढून ठेवली आहे, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले. केवढे हे भाग्य!

माझी काच मेलबर्नच्या एका कारखान्यात घासली गेली. घासताना फार दुखले, खोटे कशाला सांगू? मग मी ऑस्ट्रेलियाच्याच क्वीन्सलंड प्रांतात, किनाऱ्यावर, उसाच्या शेतांमधल्या एका लहानशा गावात आले. आमच्या डॉक्टर थियाबाईंनी मला फडक्याने पुसले, खिशात टाकले, आणि माझे काम सुरू झाले.

काय ते दिवस! लाल केसांची, दुधासारख्या कातडीची माणसे आणि डोक्यावर आग ओकणारा सूर्य. जो तो अंगभर ठिपके घेऊन यायचा आणि म्हणायचा, "फ्रेकल आहेत हो, आमच्या घराण्यातच आहेत." थियाबाई हसायच्या आणि मला टेकवायच्या. मित्रांनो, फ्रेकल म्हणजे लहानपणीच नाकावर आणि दोन्ही गालांवर सारखे शिंपडलेले बारीक ठिपके. उन्हाळ्यात ते गडद होतात, थंडीत फिके पडतात. त्यांना औषध कसले? टोपी, सावली आणि ऊन अडवणारे मलम, बस्स! पण उन्हाचे डाग निराळे. ते चाळिशीच्या आसपास उमटतात, मोठे असतात, काठ स्पष्ट असतो आणि थंडी आली तरी हलत नाहीत.

आणि त्यांची एक गंमत ऐका. इथे गाडीचे स्टिअरिंग उजव्या हाताला असते, आणि खिडकीची काच खाली करून कोपर बाहेर टाकल्याशिवाय इथल्या माणसाला गाडी चालवल्यासारखे वाटतच नाही. त्यामुळे डावा हात तरुण आणि उजवा म्हातारा! उन्हाचे डाग बहुधा निरुपद्रवी असतात. मलमाने ते फिके होतात, गार वायूच्या फवाऱ्याने किंवा लेसरने जातातही. पण थियाबाईंचा हट्ट एकच: आधी पाहू, मग पुसू.

पुढे दवाखान्यात कॅमेऱ्याचे मोठे यंत्र आले. पडद्यावर डाग ताटाएवढा दिसू लागला. मी खणात गेले, सुकलेल्या पेनांच्या आणि रबरबँडांच्या सोबतीला. वाईट वाटले, पण रागावू कुणावर? यंत्र उत्तमच पाहत होते.

मग एका जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, नोलीन नावाच्या बाई तपासणीला आल्या. जाता जाता म्हणाल्या, "थिया, आमच्या ग्वेंडाला जरा समजाव. पुढच्या शनिवारी तिच्या लेकीचं लग्न आहे. म्हणून शुक्रवारी ती ब्यूटी पार्लरमध्ये जाऊन तोंडावरचे सगळे डाग लेसरने उडवून घेणार आहे."

ग्वेंडा ही नोलीनची थोरली बहीण. जन्मभर शाळेची बस चालवलेली, आणि चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी सूर धरणारी.

"तिला इथे पाठव ना," थियाबाई म्हणाल्या.

"ती येते कुठली! म्हणते, थियाकडे गेलं की ती काहीतरी कापतेच."

थियाबाई टेबलाकडे वळल्या. आणि मित्रांनो, खण उघडला! यंत्राला चर्चच्या अंगणात नेता येत नाही. मला येते!

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे अंगणात जेवायला जमले. ग्वेंडाबाई केकचा तुकडा हातात धरून उभ्या होत्या. आत्ताच गायलेल्या स्तोत्राने त्यांचा चेहरा अजून उजळलेला होता. थियाबाई माझ्यासकट पुढे झाल्या.

"अगं बाई! देवाच्या दारातसुद्धा तुझं दुकान?" ग्वेंडाबाई ओरडल्या.

"कापत नाही गं. नुसतं बघते."

"ग्वेंडे, बस खाली," नोलीनबाई म्हणाल्या. "एवढी मोठी बस चालवतेस आणि एका काचेला घाबरतेस?"

"घाबरतंय कोण! बघ बाई, बघ. फ्रेकल आहेत सगळे."

माझ्यासाठी कातडीवर तेलाचा थेंब लागतो. थियाबाईंनी आपल्या सॅलडमधलेच ऑलिव्हचे तेल बोटावर घेतले. "आता मीठ-मिरीपण लाव," ग्वेंडाबाई पुटपुटल्या. सगळे हसले. माझा दिवा लागला.

नाकावरचे ठिपके फिकट, शांत. फ्रेकल! उजव्या गालावरचे मोठे डाग एकसारखे, स्वच्छ काठाचे. बसच्या खिडकीने दिलेले! आणि मग त्याच गालावर, कानाजवळचा एक. तोही तपकिरीच, पण माझ्यात पाहिला तर केसांच्या मुळांभोवती राखाडी कण विखुरलेले. साध्या उन्हाच्या डागात असे कण सहसा नसतात.

"ग्वेंडा, तुझे ठिपके थंडीत फिके पडतात ना? हा नाही पडला. मागच्या जुलैत होता का हा?"

"होता की. जरा लहान होता, एवढंच."

बोलून गेल्या आणि त्यांनाच ते ऐकू आले. हातातला केक तसाच राहिला.

"शुक्रवारी लेसर मारला असता, तर वरचा रंग गेला असता आणि आतलं कळलंच नसतं," थियाबाई हळूच म्हणाल्या. "उद्या ये. छोटासा तुकडा तपासायला पाठवू."

"लग्नात तोंडाला पट्टी लावून उभी राहू?"

"राहा," नोलीनबाई म्हणाल्या. "पण उभी राहा."

ग्वेंडाबाई सोमवारी आल्या. गुरुवारी अहवाल आला. कर्करोग होता, पण अगदी वरच्या थरात, खाली उतरलेला नव्हता! उरलेला भाग लग्नानंतर काढला की झाले. थियाबाईंनी मला मुठीत घट्ट धरले. काचेला डोळे असून रडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

मित्रांनो, मला पुन्हा खिशात जागा मिळाली आहे, पण मागणे माझ्यासाठी नाही. तुमच्या आजीच्या, मामाच्या, आईच्या अंगावरचा एखादा डाग वाढत असेल, रंग बदलत असेल, इतरांहून निराळा दिसत असेल, तर तो पुसायची घाई करू देऊ नका. त्यांचा हात धरून आधी डॉक्टरांना दाखवा.

शनिवारी मी थियाबाईंच्या खिशातून लग्न पाहिले. फोटोवाल्याने ग्वेंडाबाईंना सांगितले, "मॅडम, डावीकडून काढतो, पट्टी दिसणार नाही."

"डावीकडून कशाला?" त्या लेकीला जवळ ओढत म्हणाल्या. "उजवीकडूनच काढ बाबा. ह्याच बाजूनं मी वाचले!"