मुदत संपलेलं आयोडीन

दवाखान्याच्या औषध विभागात मुदत संपलेल्या बाटल्या काढून टाकणं हे तिचं काम. तारीख उलटून एक दिवस झाला तरी ती दयामाया दाखवायची नाही. बरोबरीच्या बायका तिला गमतीने यमदूत म्हणायच्या. नवरा गेल्यापासून ती थट्टा बंद झाली.

घरी आता ती आणि सासरे दोघंच. तिथे मात्र तिचा हात धजेना. नवऱ्याने मागे ठेवलेली खाऱ्या पाण्याची काचटाकी, तिच्यात सात वर्षं जीव लावून वाढवलेली प्रवाळं, आणि त्यांना रोज चार थेंब लागणारं आयोडीन. बाटलीवर चिकटपट्टी लावून त्याने आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'उघडली', आणि खाली तारीख. उघडल्यावर सहा महिन्यांत संपवायचं, पुढे जोर ओसरतो, असं तोच बजावायचा. आता अकरावा महिना चालू होता. ते अक्षर कचऱ्यात टाकणं तिच्या जिवावर आलं. मग सहा महिने उलटल्यापासून तिने थेंब दुप्पट केले. औषध निम्मं उतरलं असेल तर हिशेब बरोबर बसतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली. दवाखान्यात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं.

चार महिने ठीक गेले. मग पंधरा दिवसांत प्रवाळं आखडली, टोकांकडून पांढरी पडत चालली. तिने पाणी बदललं, दिवे कमी केले, काही उपयोग झाला नाही. त्याच्या हातचं एवढंच काय ते जिवंत उरलं होतं आणि तेही डोळ्यांदेखत चाललं होतं. शेवटी तिने माशांचं दुकान गाठलं.

"आयोडीन जास्त झालंय," फोटो पाहून दुकानदार म्हणाला.

"जुनंच आहे हो. त्यात कसला आलाय जोर?"

"जुनं कसं? पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या सासऱ्यांनी ताजं नेलं की."

ती घरी आली तेव्हा सासरे टाकीसमोर स्टूल घेऊन बसले होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, काम चोख.

"बाबा, नवीन बाटली कुठंय?"

ते टाकीकडेच पाहत म्हणाले,

"जुनं ओतून दिलं मी. नवं त्याच बाटलीत भरलं, होतं तेवढंच, तुला कळू नये म्हणून. शिळ्या औषधानं प्रवाळं जायची, अन् सांगावं तर तू बाटलीच टाकशील. तुझं कामच ते. त्याचं अक्षर आहे गं तिच्यावर."

"मलाही टाकवत नव्हती, बाबा. म्हणून तर दुप्पट घालत होते." ती खाली फरशीवरच बसली. "आपण दोघांनी मिळून मारलं त्यांना."

"मिळून कुठं?" सासरे म्हणाले. "दहा महिन्यांत आपण मिळून काहीच केलं नाही, पोरी. तो गेला तेव्हा रडलोसुद्धा वेगवेगळ्या खोल्यांत."